एकाच खात्यावर येणारी मेल सर्व्हरच्या दारातूनच कशी परतवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालन्याची जिनिंग असो, लातूरच्या मोंढ्यातली आडत असो, की नांदेड-परभणीकडची कॉलेजं आणि पतसंस्था. मेल सर्व्हरबद्दल मला येणाऱ्या फोनांत एक विषय हमखास असतो. अमुक माणूस सोडून गेला, त्याच्या खात्यावर आता मेल येऊ द्यायची नाही, काय करू? खाली तेच प्रश्न आहेत, ज्या शब्दांत येतात जवळपास त्याच शब्दांत. उत्तरं मुख्यतः पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरची आहेत. सीपॅनल, गूगल किंवा मायक्रोसॉफ्टवर असाल तर आधी प्रश्न १ ते ५ वाचा आणि मग थेट प्रश्न ११ कडे जा.

लिपीबद्दल एक सूचना. सेटिंगांची नावं इथे देवनागरीत आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन आणि आकडे इंग्रजीत लिहायचे. स्पेलिंगची शंका आली तर पोस्टकॉन्फ ही आज्ञा चालवा. सगळ्या सेटिंगांची नावं समोर येतात.

१. मेल ‘नाकारणं’ म्हणजे सर्व्हर नेमकं काय करतो?

समोरचा सर्व्हर आपल्याशी बोलायला येतो तेव्हा संवाद ठरलेल्या क्रमाने चालतो. आधी तो आपली ओळख सांगतो, मग ‘मेल फ्रॉम’ म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता देतो, मग ‘आरसीपीटी टू’ म्हणून कोणाला द्यायची ते सांगतो. या तिसऱ्या पायरीवर आपण २५० म्हटलं तर मेल पुढे येते. ५५० म्हटलं तर त्या पत्त्यापुरता विषय तिथेच संपतो. पत्राचा मजकूर अजून आपल्याकडे आलेलाही नसतो. पत्राची जबाबदारी पाठवणाऱ्याच्या सर्व्हरकडेच राहते आणि तुमचं पत्र पोचलं नाही, हे त्या माणसाला कळवण्याचं कामही त्याचंच.

२. खातं डिलीट केलं की झालं ना? आणखी काही करावं लागतं का?

बहुतेक वेळा झालं. यादीत नसलेला पत्ता पोस्टफिक्स स्वतःच ५५० ५.१.१ देऊन परत लावतो. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ‘युजर अननोन इन व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल’ किंवा ‘लोकल रेसिपियंट टेबल’ असं दिसतं.

वेगळी सोय लागते ती अशा वेळी: जुन्या मेल ऑडिटसाठी ठेवायच्या आहेत म्हणून खातं डिलीट करता येत नाही, डोमेनवर कॅच-ऑल लावलेलं आहे, म्हणजे नसलेल्या पत्त्यांचीही मेल एका खात्यात गोळा होते, किंवा पाठवणाऱ्याला नुसतं ‘असा कोणी नाही’ न सांगता ‘आता या पत्त्यावर लिहा’ असं सांगायचं आहे.

३. मी पासवर्ड बदलला, लॉगिनही बंद केलं. तरी मेल येतच आहे!

येणारच. लॉगिन हा पेटी उघडण्याचा भाग झाला; पेटीत पत्र टाकायला किल्ली लागत नाही. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे बंद कराव्या लागतात.

४. नाकारण्यापेक्षा गुपचूप गिळून टाकलेली बरी नाही का? पाठवणाऱ्याला कशाला त्रास?

या उत्तराला मी सगळ्यात जास्त जागा देतो आहे.

मार्ग तीन आहेत. दारात नाकारणं, म्हणजे रिजेक्ट. घेतो म्हणून सांगून फेकून देणं, म्हणजे डिस्कार्ड. आणि आधी घेऊन नंतर आपणच ‘पोचली नाही’ अशी चिठ्ठी परत पाठवणं, म्हणजे बाउन्स. तिसरा मार्ग टाळाच, कारण स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता जवळपास नेहमी खोटा असतो. तुमची चिठ्ठी भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन पडते. याला बॅकस्कॅटर म्हणतात, आणि त्यापायी तुमचाच सर्व्हर काळ्या यादीत जातो.

दुसऱ्या मार्गाबद्दल मला आलेला अनुभव सांगतो. मराठवाड्यातल्या एका कॉलेजचा सर्व्हर माझ्याकडे होता. प्रवेश विभागातले एक क्लार्क निवृत्त झाले. त्यांच्या खात्यावर जाहिरातींचा पूर येत होता, म्हणून मी तिथे डिस्कार्ड लावलं. उगाच कोणाला परतीची चिठ्ठी कशाला, असा विचार केला. पण तो पत्ता जुन्या माहितीपुस्तिकेत छापलेला होता, हे मी कोणाला विचारलंच नाही.

जुलैत एक गृहस्थ एसटीने तालुक्याहून आले. हातात नेट कॅफेतून काढलेली, चार घड्या घातलेली प्रिंट. मुलीच्या गुणपत्रकाची मेल पाठवल्याचा कागद, वर तारीख आणि वेळ. ‘आम्ही तर पाठवलंय साहेब, परतही आलं नाही, म्हणजे पोचलंच की.’ मी लॉग उघडला. त्याच तारखेला, त्याच मिनिटाला एक ओळ होती, तिच्या सुरुवातीला शब्द होता ‘डिस्कार्ड’. प्रवेशाची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपलेली होती. मी ५५० दिलं असतं तर त्या कॅफेतल्या स्क्रीनवर काही मिनिटांत ‘पोचलं नाही’ असं आलं असतं आणि त्यांनी फोन केला असता.

त्या दिवसापासून माणसाच्या नावाच्या खात्यावर मी डिस्कार्ड लावत नाही, आणि मला विचारणाऱ्या कोणालाही लावू देत नाही. त्या गृहस्थांनी तीच मेल प्राचार्यांच्या पत्त्यावरही पाठवली होती. तीही पोचली नव्हती. त्याचं कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

५. खातं बंद करण्याआधी काय तपासावं?

तो पत्ता बाहेर कुठे कुठे नोंदवलेला आहे ते. मुनीम किंवा अकाउंटंट गेला की नेमकं इथेच अडतं. जीएसटी पोर्टल, आयकर खातं, बँकेचं कॉर्पोरेट लॉगिन, भविष्य निर्वाह निधीचं पोर्टल, बाजार समितीकडची नोंद, या सगळ्यांत त्याचाच मेल पत्ता असतो. ओटीपी आणि नोटिसा तिथेच येतात. डोमेन ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडेही तोच पत्ता दिलेला असू शकतो. नूतनीकरणाची आठवण परत गेली तर डोमेनच हातचं जाईल आणि मग सगळ्यांचीच मेल बंद पडेल.

माझी पद्धत अशी: बंद करण्याआधी महिनाभर ते खातं कोणीतरी जबाबदार माणसाने रोज पाहायचं, आलेल्या प्रत्येक कामाच्या मेलवरून पाठवणाऱ्याची यादी करायची आणि एकेका ठिकाणी पत्ता बदलून घ्यायचा. यादीत आठवडाभर नवीन नाव आलं नाही, की मग दार लावायचं.

६. पोस्टफिक्समध्ये एका पत्त्यासाठी नकार कसा लावायचा? पायरी-पायरीने सांगा.

समजा पत्ता आहे मुनीम@आडत.उदा. पोस्टफिक्सच्या फोल्डरमध्ये, म्हणजे ईटीसीच्या आतल्या पोस्टफिक्समध्ये, एक नवी फाइल करा. तिचं नाव ‘बंद_पत्ते’ ठेवू. तिच्यात एकच ओळ:

मुनीम@आडत.उदा   ५५० ५.२.१ हा पत्ता बंद आहे, ऑफिस@आडत.उदा वर लिहा

आधी पत्ता, मग मोकळी जागा, मग कोड आणि मजकूर. मजकूर इथे समजण्यासाठी देवनागरीत दिला आहे; प्रत्यक्ष फाइलमध्ये तसा चालत नाही, प्रश्न ७ पाहा. ओळ पहिल्या रकान्यापासूनच सुरू करा. सुरुवातीला एखादी स्पेस राहिली तर पोस्टफिक्स ती ओळ मागच्या ओळीचाच उरलेला भाग समजतो, आणि दुसरा पत्ता कधीच बंद होत नाही. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून खास सांगतो आहे.

मग ‘पोस्टमॅप हॅश:’ आणि त्याला जोडून त्या फाइलचा पूर्ण मार्ग, अशी आज्ञा द्या. फाइलचा डेटाबेस तयार होतो. सर्व्हर वाचतो तो हा डेटाबेस, तुमची फाइल नव्हे. काही नव्या लिनक्समध्ये ‘हॅश’ मिळत नाही, त्याऐवजी ‘एलएमडीबी’ लिहावं लागतं. तुमच्याकडे कोणते प्रकार चालतात ते ‘पोस्टकॉन्फ -एम’ सांगतं.

आता मुख्य फाइल मेन.सीएफ. तिच्यात:

एसएमटीपीडी_रेसिपियंट_रिस्ट्रिक्शन्स =
    चेक_रेसिपियंट_अ‍ॅक्सेस हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/बंद_पत्ते,
    परमिट_मायनेटवर्क्स,
    परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड,
    रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन

शेवटी ‘पोस्टफिक्स रिलोड’. यापुढे फक्त ‘बंद_पत्ते’ बदलली तर पोस्टमॅप पुरतं, रिलोड लागत नाही. पोस्टमॅप विसरलात तर लॉगमध्ये ‘डेटाबेस सोर्स फाइलपेक्षा जुना आहे’ असा इशारा येतो.

क्रम महत्त्वाचा आहे. या यादीत वरून खाली एकेक नियम पाहिला जातो आणि ‘परमिट’ लागला की त्या यादीपुरती तपासणी थांबते. आपला नियम ‘परमिट_मायनेटवर्क्स’च्या खाली गेला, तर ऑफिसच्या नेटवर्कमधून आलेली मेल वरच पास होऊन जाते.

आणि या फाइलमध्ये एखाद्या पत्त्यापुढे ‘ओके’ लिहू नका. ज्याला हा नियम लागू करायचा नाही त्याच्यापुढे ‘डन्नो’ लिहा, म्हणजे ‘माझं मत नाही, पुढचा नियम पाहा’. पोस्टफिक्स २.१० च्या आधीच्या सर्व्हरवर रिलेची, म्हणजे परक्यांची मेल पुढे वाहून न्यायची की नाही याची, तपासणी याच यादीत होते. तिथे भलत्या जागी ‘ओके’ पडलं, तर सर्व्हर जगाची मेल वाहणारा उघडा नाका होऊन बसतो.

७. ५५० लिहू की ५५४? ते ५.१.१ वगैरे काय असतं? आणि मजकूर मराठीत लिहिला तर चालेल का?

पहिला तीन आकडी कोड एसएमटीपीचा, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिचा. ५ ने सुरू झाला तर कायमचा नकार, ४ ने सुरू झाला तर ‘आत्ता नाही, नंतर या’. टिंबांचा कोड त्याचं कारण सांगतो. आपल्या कामाचे चार आहेत. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. ५.२.१ म्हणजे पेटी आहे पण बंद ठेवली आहे. ५.७.१ म्हणजे तुम्हाला इथे पाठवायची परवानगी नाही. ५.१.६ म्हणजे माणूस दुसरीकडे गेला. शेवटच्यासाठी पोस्टफिक्समध्ये ‘रिलोकेटेड_मॅप्स’ अशी वेगळी सोय आहे. पत्त्यापुढे नवा पत्ता लिहिला की पाठवणाऱ्याला तो आपोआप कळतो.

नुसतं ‘रिजेक्ट’ लिहिलंत तर ५५४ ५.७.१ आणि ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ जातं. तांत्रिकदृष्ट्या चूक काही नाही, पण मोंढ्यातल्या व्यापाऱ्याला ते वाचून वाटतं की आपल्यालाच ब्लॉक केलं. सोडून गेलेल्या माणसासाठी ५५० ५.१.१ किंवा ५.२.१ द्या.

मजकूर देवनागरीत देऊ नका. एसएमटीपीच्या उत्तरात साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हंच चालतात. देवनागरी टाकलं तर समोरचा सर्व्हर काय करील याचा भरवसा नाही. मी रोमन लिपीतली मराठी आणि सोपी इंग्रजी अशी दोन छोटी वाक्यं लिहितो. ‘हा पत्ता बंद आहे, कृपया अमुक पत्त्यावर पाठवा’ एवढं पुरतं. कोण का गेला, कधी काढलं, हे तिथे लिहू नका. ती ओळ जगातला कोणीही वाचू शकतो.

८. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, तरी मेल येतेच आहे. कुठे चुकलं?

आधी नियम लागतो का ते पाहा. ‘पोस्टमॅप -क्यू’, मग पत्ता, मग फाइल, अशी आज्ञा दिली की उत्तरात तुमची ५५० ची ओळ यायला हवी. ती आली नाही तर फाइलमध्येच गडबड आहे: स्पेस, स्पेलिंग किंवा राहून गेलेला पोस्टमॅप.

ती आली आणि तरी मेल पोचते, तर मला आजवर चार वाटा सापडल्या आहेत.

पहिली वाट एलियासची. ‘खरेदी@’ हा पत्ता मुनीमच्या खात्याकडे वळवलेला असतो. आपला नियम पाहतो तो समोरच्याने सांगितलेला पत्ता, म्हणजे ‘खरेदी@’. तो बंद यादीत नाही, म्हणून मेल आत येते आणि मग एलियासमधून मुनीमच्या पेटीत जाते. एलियासच्या सगळ्या फाइलींत आणि तक्त्यांत ते नाव शोधून काढून टाका.

दुसरी वाट पोर्ट ५८७ ची. ऑफिसातली माणसं आउटलुकमधून मेल पाठवतात ती इथून. मास्टर.सीएफ मध्ये या सेवेसाठी रेसिपियंटची यादी बऱ्याचदा वेगळी किंवा चक्क रिकामी ठेवलेली असते, त्यामुळे मेन.सीएफ मधला नियम तिथे लागूच होत नाही. तिथेही तोच नियम वरती जोडा.

तिसरी वाट सर्व्हरवरच तयार होणाऱ्या मेलची. वेबसाइटचा फॉर्म किंवा एखादी स्क्रिप्ट ‘सेंडमेल’ आज्ञेने मेल टाकते. ती एसएमटीपीच्या दारातून येतच नाही, घरातून घरात जाते. अशा मेलसाठी ट्रान्सपोर्टच्या तक्त्यात, म्हणजे कोणत्या पत्त्याची मेल कुठे द्यायची हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, त्या पत्त्यापुढे ‘एरर:’ आणि कारण लिहा.

चौथी वाट म्हणजे बॅकअप सर्व्हर, मुख्य सर्व्हर बंद असताना त्याच्याऐवजी मेल घेणारा. तिचं उत्तर प्रश्न १५ मध्ये.

९. एका खात्यावर डिस्कार्ड लावलं तर दुसऱ्यांचीही मेल गायब होऊ शकते का?

हो. ही गोष्ट पोस्टफिक्सच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेली आहे, पण फार थोडे लोक तिथवर वाचतात. अ‍ॅक्सेसच्या तक्त्यातलं, म्हणजे ‘बंद_पत्ते’सारख्या फाइलमधलं, ‘डिस्कार्ड’ त्या एका पत्त्यापुरतं नसतं, त्या अख्ख्या मेलला लागतं. एकाच मेलमध्ये आपल्या डोमेनचे तीन पत्ते असतील आणि त्यातला एक डिस्कार्डवर असेल, तर तिघांचीही प्रत जाते. वर सांगितलेल्या कॉलेजात प्राचार्यांची मेल अशीच गेली. ‘होल्ड’ (मेल थांबवून ठेवणं) आणि ‘रीडायरेक्ट’ (दुसऱ्या पत्त्याकडे वळवणं) यांचंही तसंच आहे.

रिजेक्टचं तसं नाही; तो नकार फक्त त्या पत्त्याला, बाकीचे सुखरूप.

यंत्रांचे इशारे पडणारं एखादं खातं असेल, जिथे माणूस कधीच लिहीत नाही, आणि तिथे गिळणंच सोयीचं असेल, तर ते ट्रान्सपोर्टच्या तक्त्यात त्या पत्त्यापुढे ‘डिस्कार्ड:’ लिहून करा. तिथे प्रत्येक पत्त्याचा विचार वेगळा होतो.

१०. ‘सगळे@’ असा ग्रुप आहे. त्यावर आतल्या माणसांनी पाठवलं तर चालावं, बाहेरच्यांना नकार जावा. जमेल?

जमतं. यासाठी रिस्ट्रिक्शन क्लास, म्हणजे आपण नाव दिलेला नियमांचा गट, वापरा. मेन.सीएफ मध्ये:

एसएमटीपीडी_रिस्ट्रिक्शन_क्लासेस = फक्त_आत
फक्त_आत = परमिट_मायनेटवर्क्स, परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड, रिजेक्ट

आणि ‘बंद_पत्ते’ फाइलमध्ये ‘सगळे@’ च्या पुढे कोडऐवजी ‘फक्त_आत’ हे नाव लिहा. क्लासचं नाव तुम्ही ठेवाल ते.

काही जण इथे पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून ठरवतात: आमच्या डोमेनचा असेल तर सोडा. तसं करू नका. तो पत्ता कोणीही खोटा लिहू शकतो. लॉगिन झालं आहे का, एवढंच विचारा.

११. आमचा स्वतःचा सर्व्हर नाही. सीपॅनल, गूगल किंवा मायक्रोसॉफ्टवर कसं करायचं?

सीपॅनल: ईमेल अकाउंट्समध्ये त्या खात्यापुढच्या मॅनेजवर जा, रिस्ट्रिक्शन्समध्ये येणारी मेल ‘सस्पेंड’ करा. लॉगिन आणि जाणारी मेल यांची बटणं तिथेच वेगळी आहेत. सीपॅनलच्या आत एक्झिम चालतो. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये लिहायला घेतलेला हा सर्व्हर. त्याच्या भाषेत ‘:फेल:’ म्हणजे नकार आणि ‘:ब्लॅकहोल:’ म्हणजे गिळणं. डिफॉल्ट अ‍ॅड्रेसच्या पानावर हे दोन शब्द दिसले तर ‘:फेल:’ ठेवा. कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

गूगल वर्कस्पेस: खातं सस्पेंड केलं की नवी मेल परत जाते, जुनी तशीच राहते. डिलीट केलेलं खातं २० दिवसांपर्यंत परत आणता येतं.

मायक्रोसॉफ्ट ३६५: इथे लोक फसतात. ‘ब्लॉक साइन-इन’ने फक्त लॉगिन बंद होतं, मेल येत राहते. नकार हवा असेल तर एक्सचेंजच्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये मेल फ्लो रूल करा: प्राप्तकर्ता अमुक असेल तर मेल कारणासह नाकारा.

१२. नो-रिप्लाय खात्यावर येणारी उत्तरं नाकारली तर काही बिघडतं का?

बिघडू शकतं. तुम्ही त्या पत्त्यावरून पावत्या किंवा निकाल पाठवता, त्यातल्या न पोचलेल्या मेलची सूचना त्याच पत्त्यावर परत येते. दार बंद असेल तर कोणाला मिळालं नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. शिवाय काही सर्व्हर मेल घेण्याआधी उलट विचारतात, ‘पाठवणारा हा पत्ता खरंच मेल घेतो का?’ तिथे ५५० मिळालं की ते तुमचीच मेल नाकारतात.

म्हणून पाकिटावरचा, म्हणजे ‘मेल फ्रॉम’मधला, पाठवणाऱ्याचा पत्ता वेगळा आणि चालू ठेवा, परतीच्या मेल एका पेटीत जमू द्या, आणि आठवड्यातून एकदा ती पेटी पाहा. आणि जमत असेल तर नो-रिप्लाय ठेवूच नका. विद्यार्थी किंवा खातेदार उत्तर लिहितो तेव्हा त्याला काहीतरी विचारायचं असतं.

१३. कोणते पत्ते कधीच बंद करू नयेत?

‘पोस्टमास्टर@’. मेलच्या मूळ नियमावलीतच, म्हणजे २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये, तो चालू ठेवणं बंधनकारक आहे. ‘अब्यूज@’ ही ठेवा. तुमच्या सर्व्हरवरून कोणी स्पॅम सोडायला लागलं तर पहिली तक्रार तिथे येते.

रिकाम्या प्रेषकाची मेलही सरसकट अडवू नका. परतीच्या चिठ्ठ्या नियमानुसार रिकाम्या प्रेषकानेच येतात.

१४. थेट चालू सर्व्हरवर लावायची भीती वाटते. आधी चाचणी कशी घेऊ?

भीती योग्यच आहे. दोन सोयी आहेत.

नियमाच्या आधी ‘वॉर्न_इफ_रिजेक्ट’ लिहा. मग सर्व्हर नाकारत नाही, फक्त लॉगमध्ये ‘नाकारली असती’ अशी नोंद करतो. दोन-तीन दिवस लॉग पाहा. कोणाकोणाची मेल परत गेली असती ते कळतं, आणि प्रश्न ५ मधली यादीही आपोआप तयार होते. दुसरी सोय ‘सॉफ्ट_बाउन्स = येस’. यात सर्व्हर नाकारतो, पण ५ च्या जागी ४ चा कोड देतो, म्हणजे पाठवणारा थोड्या वेळाने पुन्हा येतो आणि चूक दुरुस्त केली की मेल मिळते. काम झालं की ती ओळ काढायला विसरू नका.

मग बाहेरून तपासा. घरगुती कनेक्शनवरून पोर्ट २५ अनेकदा बंद असतं, त्यामुळे दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवरून टेलनेट करा. स्क्रीनवर असं दिसलं पाहिजे:

२२० मेल.आडत.उदा ईएसएमटीपी पोस्टफिक्स
एहलो तपासणी.उदा
२५० …
मेल फ्रॉम:<मी@तपासणी.उदा>
२५० २.१.० ओके
आरसीपीटी टू:<मुनीम@आडत.उदा>
५५० ५.२.१ …

आणि त्याच संवादात लगेच चालू खात्याचा पत्ता देऊन पाहा, तिथे २५० यायला हवं. ही शेवटची पायरी लोक सोडतात. नको ते बंद झालं याची खात्री सगळे करतात, हवं ते चालू आहे याची कोणी करत नाही. लॉग डेबियन-उबुंटूवर ‘मेल.लॉग’ आणि रेड हॅट घराण्यात ‘मेललॉग’ या नावाने सापडतो.

१५. आमच्याकडे बॅकअप एमएक्स, म्हणजे बॅकअप मेल सर्व्हर आहे. त्यावरही नियम लावावा लागतो का?

हो, नाहीतर बॅकअप तुमच्या बंद पत्त्याची मेल घेतो, मुख्य सर्व्हरकडे आणतो, तिथे ५५० मिळतं, आणि मग परतीची चिठ्ठी पाठवण्याची पाळी बॅकअपवर येते. म्हणजे प्रश्न ४ मधला तिसरा मार्ग. स्पॅम पाठवणारे हे ओळखून मुद्दाम बॅकअपकडेच जातात.

बॅकअपवर ‘रिले_रेसिपियंट_मॅप्स’मध्ये चालू पत्त्यांची यादी ठेवा आणि खातं बंद केलं की तीही त्याच दिवशी बदला. ती कोण बदलणार हे ठरत नसेल, तर छोट्या संस्थेने बॅकअप न ठेवलेलाच बरा, असं माझं मत आहे. का, ते पुढच्या प्रश्नात.

१६. लाइट गेली आणि सर्व्हर दोन तास बंद राहिला, तर तेवढ्या वेळातली सगळी मेल नाकारली जाते का?

नाही. सर्व्हर बंद असणं हा नकार नव्हे. समोरचा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा येऊन पाहतो. पोस्टफिक्स स्वतः ५ दिवस प्रयत्न करतो, आणि नियमावलीही निदान ४-५ दिवस थांबा असंच सांगते. उन्हाळ्यात तालुक्याला दिवसभर लाइट नसली तरी मेल उशिरा येईल, पण येईल.

धोका वेगळा आहे. लाइट आल्यावर मेल सर्व्हर आधी उठला आणि ज्यात खात्यांची यादी आहे तो डेटाबेस अजून उठला नाही, तर? पोस्टफिक्सला तक्ता वाचता आला नाही की तो ४५१ देतो, म्हणजे ‘नंतर या’. हे ठीक आहे. पण एखाद्याने स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट ‘खातं सापडलं नाही’ म्हणून ५५० देऊ लागली, तर चालू खात्यांची मेल कायमची परत जाते. अशी स्क्रिप्ट असेल तर डेटाबेस मुद्दाम बंद करून ती काय उत्तर देते ते एकदा पाहाच.

१७. पत्त्यात प्लस टाकून पाठवलं, तर नियम चुकवता येतो का?

‘रेसिपियंट_डिलिमिटर’ मध्ये प्लस लिहिलेलं असेल तर नाही. पोस्टफिक्स आधी प्लससह पूर्ण पत्ता शोधतो, नाही सापडला तर प्लसच्या पुढचा भाग काढून शोधतो. याचा उलटा उपयोगही होतो: मूळ खातं चालू ठेवून ‘मुनीम+जाहिरात@’ एवढाच पत्ता बंद करता येतो.

१८. आमचं डोमेन देवनागरीत, .भारत वर आहे. तिथे काही वेगळं?

पोस्टफिक्स ३.० पासून अशा पत्त्यांची सोय आहे. ‘एसएमटीपीयूटीएफ८_एनेबल’ चालू हवं. लक्षात ठेवायची गोष्ट एकच. डोमेनची दोन रूपं असतात, एक देवनागरी आणि एक ‘एक्सएन’ने सुरू होणारं इंग्रजी अक्षरांचं. पोस्टफिक्स एकाचं दुसरं आपोआप करत नाही. बंद पत्ता दोन्ही रूपांत लिहा, नाहीतर एक दार उघडं राहील.

१९. तोच पत्ता नव्या माणसाला दिला तर?

‘लेखा@’, ‘प्रवेश@’ असे पदाचे पत्ते असतील तर जरूर द्या, ते त्यासाठीच असतात. माणसाच्या नावाचा पत्ता मात्र दुसऱ्याला देऊ नका. जुन्या माणसाची खाजगी पत्रं, त्याच्या बँकेच्या सूचना, पासवर्ड बदलण्याच्या लिंका नव्या माणसाच्या हाती पडतात. नाव सारखं असलं तरी पुढे आकडा लावा.

२०. मुनीम परत आला! पत्ता पुन्हा चालू केला, पण काही ठिकाणची मेल येतच नाही.

ओळ काढून पोस्टमॅप केलं आणि टेलनेटवर २५० आलं, तर तुमची बाजू ठीक आहे. अडचण समोर आहे. मधल्या काळात ५५० मिळाल्यामुळे मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्या सेवांनी हा पत्ता आपल्या ‘पाठवू नका’ यादीत टाकलेला असतो, आणि मेलिंग लिस्टांनी नाव काढून टाकलेलं असतं. तिथून मेल सुटतच नाही, म्हणून तुमच्या लॉगमध्येही काही दिसत नाही.

ज्या बँकेची किंवा पोर्टलची मेल येत नाही तिथे लॉगिन करून पत्ता एकदा पुन्हा नोंदवा. तेवढ्याने झालं नाही तर त्यांच्या मदत कक्षाला ‘आमचा पत्ता सप्रेशन यादीतून काढा’ असं नेमक्या या शब्दांत लिहा. माणूस महिन्या-दोन महिन्यांत परतण्याची शक्यता असेल, हंगामापुरता गावी गेला असेल किंवा बाळंतपणाची रजा असेल, तर मुळात नकार लावूच नका. खातं चालू ठेवा, मेल सहकाऱ्याकडे वळवा आणि वर स्वयंचलित उत्तर लावा.